एकाच नाटकातले दोघे: किलियन मर्फी नट कसा झाला

ऑगस्ट १९९६ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरातला वीस वर्षांचा एक मुलगा कायद्याच्या पहिल्या वर्षाला नापास झाला. त्याच सुमारास त्याच्या बँडपुढे लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीने पाच अल्बमचा करार ठेवला. त्याच दिवसांत त्याला एका नव्या नाटकात काम मिळालं, आणि पुढे जिच्याशी लग्न झालं ती मुलगीही तेव्हाच भेटली. किलियन मर्फी मुलाखतींतून या महिन्याबद्दल बऱ्याचदा बोलला आहे. 'ओपनहायमर' चित्रपटासाठी मिळालेल्या ऑस्करनंतर तर ही गोष्ट जगभर फिरली. सांगणारे ती नशिबाची गोष्ट म्हणून सांगतात. मुलगा देखणा, डोळे निळेशार, वेळ आली आणि दार उघडलं.

मला हे पटत नाही. त्या नाटकात दोनच पात्रं होती. दुसरं पात्र करणारी आयलीन वॉल्शही कॉर्कचीच, जवळपास त्याच्याच वयाची, आणि कामात तसूभरही कमी नाही. दोघांनी तेच शब्द पाठ केले, त्याच दौऱ्यात तेच प्रयोग केले, त्याच टाळ्या घेतल्या. पुढे एकाचं नाव गल्लोगल्ली पोचलं आणि दुसरीचं नाटक-सिनेमा बारकाईने पाहणाऱ्यांपुरतं राहिलं. नशीब म्हणून विषय मिटवायचा असेल तर इथेच मिटतो. पण काय काय जुळून आलं, कुठे कुणी हट्ट धरला आणि कुठे फाटा फुटला हे उलगडून पाहिलं, तर नट घडतो कसा याबद्दल हाती बरंच लागतं.

मास्तरांचं घर

मर्फीचा जन्म २५ मे १९७६ चा, कॉर्कजवळच्या डग्लसमधला. वाढला बॅलिनटेम्पल भागात. वडील आयर्लंडच्या शिक्षण खात्यात, आई फ्रेंचची शिक्षिका, आजोबा शिक्षक, मावश्या-काकांतही शिक्षक. चार भावंडांत हा थोरला. अशा घरातला थोरला मुलगा कायदा शिकायला जातो यात नवल काही नाही. घरात नाटक नव्हतं, पण गाणं होतं. दहाव्या वर्षापासून हा गाणी रचायला लागला होता.

शाळा प्रेझेंटेशन ब्रदर्स कॉलेज. कॅथलिक ब्रदरांची, फक्त मुलांची, रग्बीवर जीव टाकणारी. याला खेळात गोडी नव्हती. अभ्यासात बरा, पण वात्रटपणापायी अधूनमधून शाळेतून काही दिवस घरी बसवला जाई. चौथ्या वर्षाला त्यानेच ठरवलं की एवढ्या कटकटीत अर्थ नाही, आणि वात्रटपणा सोडला.

याच शाळेत दोन माणसं भेटली. इंग्रजी शिकवणारे विल्यम वॉल स्वतः कवी आणि कादंबरीकार. या मुलाने नाटकाकडे वळावं असं त्यांनी त्याला सुचवलं. दुसरा पॅट किअर्नन. तो शाळेत नाट्यशिबिर घ्यायला आला होता. कॉर्कडोर्का नावाची नाटकमंडळी तो चालवत असे. शिबिरात मर्फीला पहिल्यांदा अंगात वीज खेळल्यासारखं वाटलं, पण नट व्हायचं असं काही त्याने तेव्हा ठरवलं नाही. त्याला रॉकस्टार व्हायचं होतं.

एवढंसं गाव, पण

कॉर्क हे आयर्लंडच्या प्रजासत्ताकातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. ऐकायला भारदस्त वाटतं, पण १९९६ साली महापालिकेच्या हद्दीत वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. एवढ्या गावात नाटकवाला, बँडवाला आणि कवी एकमेकांना ओळखतात, एकाच बारमध्ये बसतात. दुसरं एक आहे. कॉर्कच्या माणसाला डब्लिनचं मोठेपण मान्य नसतं. आपलं गाव हीच खरी राजधानी, असं तिथे थट्टेत म्हणतात आणि मनातून मानतातही. त्यामुळे आधी डब्लिनला जाऊ, मग काहीतरी करू, असं न म्हणता तिथल्या तिथे उभं राहणारी माणसं या गावाला मिळाली.

कॉर्कडोर्का १९९१ ची. नाट्यगृहाबाहेरच्या जागा शोधून तिथे प्रयोग करायचे ही या मंडळींची खासियत. साउथ मेन स्ट्रीटवर सर हेन्रीज नावाचा नाइटक्लब होता. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तिथे सॉनिक यूथ या बँडच्या आधी निर्वाणा हा बँड वाजवून गेला होता, म्हणजे जगभर नाव होण्याच्या अगदी तोंडावर. त्याच क्लबात किअर्ननने 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'चा प्रयोग लावला. प्रेक्षक नाचायच्या जमिनीवर, नट त्यांच्या अंगावरून जाणारे, कानठळ्या बसवणारं संगीत. मर्फी गेला तो गाणी ऐकायच्या जागी गेल्यासारखा, आणि नाटकाने झपाटून परतला. त्याच्या डोळ्यांसमोरचं नाटक म्हणजे मखमली खुर्च्या आणि मध्यंतर. इथे नाटक बँडच्या भाषेत बोलत होतं.

ही कॉर्कडोर्का २०२२ मध्ये बंद झाली. तीस-एक वर्षं चालली, म्हणजे अशा मंडळींच्या मानाने दीर्घायुषीच.

न झालेला करार

बँडचं नाव सन्स ऑफ मिस्टर ग्रीनजीन्स. नाव अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या गाण्यावरून उचललेलं. गाणारा आणि गिटार वाजवणारा मर्फी, सोबत त्याचा धाकटा भाऊ. विचित्र बोल आणि संपता न संपणारे गिटारचे तुकडे, असं त्यानेच नंतर त्या संगीताचं वर्णन केलं आहे. अ‍ॅसिड जॅझ या लंडनच्या कंपनीला ते आवडलं आणि तिने पाच अल्बमचा करार पुढे केला.

यावर सही झाली नाही. कारणं अगदी घरगुती आहेत. भाऊ अजून शाळेत होता. आईवडिलांचा विरोध होता. पैसे किरकोळ होते, आणि गाण्यांचे हक्क कंपनीकडे जाणार होते. वीस वर्षांच्या पोराला लंडनचा करार दिसतो तेव्हा हक्काबिक्काचं कलम कोण वाचतं? इथे घरच्यांनी वाचायला लावलं असावं असा माझा तर्क. शिक्षण खात्यातला बाप घरात असला की कागद वाचूनच पुढे जावं लागतं. सही केली नाही हे बरंच झालं, असं मर्फी पुढे म्हणाला.

आता कायद्याच्या परीक्षेचं. कायदा करायची आपल्याला इच्छाच नव्हती, हे त्याने कधी लपवलं नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीपायी एटीकेटी लागलेली मुलं आपल्याकडेही पैशाला पासरी, त्यामुळे या नापास होण्याचं मला फारसं कौतुक नाही. कौतुक आहे ते त्याच्या चिकाटीचं. सर हेन्रीजमधला प्रयोग पाहिल्यावर तो किअर्ननच्या मागेच लागला. ऑडिशन घ्या, ऑडिशन घ्या, अशी भुणभुण. बोलावणं आलं नव्हतं, त्याने ते ओढून आणलं. त्या वयात आपण कमालीचे आगाऊ होतो आणि गमावण्यासारखं काही नव्हतं, असं तो सांगतो. ही भुणभुण लक्षात ठेवा. पुढच्या पंचवीस वर्षांत ती पुन्हा पुन्हा दिसते.

पिग आणि रंट

नाटक 'डिस्को पिग्ज'. लेखक एन्डा वॉल्श, मूळचा डब्लिनचा, कामासाठी कॉर्कला येऊन राहिलेला. आयलीन वॉल्शशी त्याचं नातं नाही, आडनाव तेवढं सारखं. दिग्दर्शक किअर्नन. पहिला प्रयोग सप्टेंबर १९९६ मध्ये कॉर्कच्या ट्रिस्कल आर्ट्स सेंटरमध्ये झाला.

गोष्ट दोन मुलांची. एकाच इस्पितळात, जवळजवळ एकाच क्षणी जन्मलेली, शेजारशेजारच्या घरांत वाढलेली. मुलगा स्वतःला पिग म्हणवतो, मुलगी रंट. दोघांनी जगाला बाहेर ठेवून आपली एक भाषा केली आहे. कॉर्कच्या रस्त्यावरची बोली, तान्ह्या मुलांचं बोबडेपण, डुकरांचे आवाज आणि मारामारी यांची ती खिचडी. कॉर्क सिटीचं त्यांच्या तोंडी पोर्क सिटी होतं. सतरावा वाढदिवस येतो, रात्रभर डिस्को आणि दंगा चालतो, आणि त्या धुंदीतच रंटला बाहेरचं जग खुणावू लागतं. पिगला ते सोसत नाही.

नटाच्या बाजूने या संहितेकडे पाहावं. रंगमंच जवळजवळ रिकामा. खुर्ची-टेबलांत लपायची सोय नाही, तिसरं पात्र येऊन दम घेऊ देणार नाही. दुसरी माणसंही यांनीच बोलायची, डिस्कोही यांनीच अंगातून उभा करायचा. वाक्यं अशी की अर्थ धरून पाठ करायला गेलं तर तोंडात बसणारच नाहीत. ती तालावर पाठ करावी लागतात. एकाने अर्धं वाक्य टाकलं की दुसऱ्याने ते झेलून पुढे न्यायचं, अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर सगळं कोसळणार. गिटारवर दहा वर्षं हात फिरवलेल्या आणि भावाबरोबर बँडमध्ये वाजवलेल्या मुलाला हे काम का जमलं असेल, ते इथे कळतं. त्याने अभिनय शिकलेला नव्हता. ताल आणि सोबतीच्या माणसाचं ऐकणं मात्र त्याला येत होतं, आणि या नाटकाला नेमकं तेच हवं होतं. उद्या त्याचं पहिलं काम एखाद्या संथ, दिवाणखान्यातल्या नाटकात असतं तर? कदाचित तो परत गिटारकडे गेला असता.

एन्डा वॉल्शनेही त्या काळच्या मर्फीबद्दल बोलताना हेच सांगितलं आहे, की तो खोलीत आला की जाणवायचा, आणि त्याचा डोळ्यांशी काही संबंध नव्हता.

नाटक तीन आठवडे चालायचं होतं. ते पुढे युरोप, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया धरून सुमारे दोन वर्षं फिरलं. १९९७ मध्ये एडिनबरा महोत्सव झाला, मग लंडन. मर्फीने विद्यापीठ सोडलं, बँडही सोडला.

माझ्या मते ही दोन वर्षं म्हणजे त्याचं अभिनयाचं विद्यालय. फी नाही, उलट मानधन, आणि परीक्षा रोज रात्री. कॉर्कच्या प्रेक्षकाला पिगची निम्मी बोली ओळखीची असते. लंडनच्या प्रेक्षकाला ती कमी कळते, युरोपातल्या दुसऱ्या भाषेच्या गावात तर जवळजवळ नाहीच. तिथे शब्द हातातून जातात आणि नटापाशी अंग, श्वास, नजर आणि वेग एवढंच उरतं. एका भूमिकेत इतका काळ राहिल्यावर रंगत आपोआप येईल ही आशा सुटते, आणि ती आणायची कशी याचं तंत्र अंगी बाणतं. दौरा केलेल्या कुठल्याही नटाला विचारा. बाराव्या प्रयोगाला टाळ्या आल्या की आनंद होतो. शंभराव्याला त्याच जागी त्याच टाळ्या आल्या की भीती वाटायला लागते.

फाटा

दौऱ्यानंतरची दोन-तीन वर्षं भराभर सांगता येतात. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत काम केलं, १९९९ मध्ये गॅरी हाइन्सच्या दिग्दर्शनाखाली शॉन ओ'केसीचं 'जुनो अँड द पेकॉक' केलं, आणि छोट्या चित्रपटांत छोट्या भूमिका केल्या. कॉर्क सोडून डब्लिन गाठलं, २००१ मध्ये लंडन.

त्या वेळच्या आयर्लंडची एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण ती व्यक्तीच्या हातातली नाही. सरकारने १९८७ मध्ये गुंडाळलेलं, चित्रपटांना पैसा पुरवणारं फिल्म बोर्ड १९९३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. तेव्हाचे कला-संस्कृती खात्याचे मंत्री मायकेल डी. हिगिन्स, स्वतः कवी, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले. करसवलती आणि हे बोर्ड यांमुळे नव्वदच्या दशकात आयर्लंडमध्ये चित्रपट बनायला लागले. दहा वर्षं आधी जन्मलेल्या नटाला पंचविशीत कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं तर बहुधा देश सोडावा लागला असता. मर्फीला रियाज करायला घरच्या अंगणात छोटे चित्रपट मिळाले.

२००१ मध्ये 'डिस्को पिग्ज'चाही चित्रपट आला. दिग्दर्शक कर्स्टन शेरिडन, दिग्दर्शक जिम शेरिडनची मुलगी. पिग मर्फीच. रंट मात्र आयलीन वॉल्श नव्हे, इलेन कॅसिडी. कॅसिडी तोवर अ‍ॅटम इगोयानच्या 'फेलिशियाज जर्नी'मुळे कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेपर्यंत जाऊन आलेली होती, आणि तिने रंट चांगली केली आहे, यात वाद नाही. पण जिने हे पात्र शून्यातून उभं केलं, जिच्या श्वासावर पिगचं प्रत्येक वाक्य दोन वर्षं बेतलेलं होतं, ती पडद्यावर नाही.

दोघांच्या वाटा इथून वेगळ्या झाल्या. नाटकाचा प्रयोग कितीही थोर असला तरी तो हवेत विरतो. पाहिलेली माणसं सांगतात, ऐकणारी मान डोलावतात. चित्रपट मात्र कुठल्याही कास्टिंगवाल्याच्या टेबलावर ठेवता येतो. मर्फीच्या बाबतीत तेच घडलं. गेल स्टीव्हन्स या कास्टिंग डायरेक्टरने 'डिस्को पिग्ज'मधलं त्याचं काम पाहून दिग्दर्शक डॅनी बॉयलला त्याचं नाव सुचवलं. '२८ डेज लेटर'मध्ये इस्पितळात शुद्धीवर येऊन ओसाड लंडनमधून भटकणारा सायकल-कुरिअर जिम त्याला मिळाला. पहाटेच्या पहाटे रस्ते थोडा थोडा वेळ अडवून, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर केलेलं ते चित्रीकरण. चित्रपट २००२ मध्ये लागला, अमेरिकेत पुढच्या वर्षी. त्यातला एक फोटो दिग्दर्शक क्रिस्तोफर नोलनने सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात पाहिला, नटाला बोलावलं, आणि चक्क बॅटमॅनच्या पोशाखात त्याची चाचणी घेतली. बॅटमॅन दुसऱ्याने केला, पण नोलनला हा नट सोडवेना. त्याने त्याला २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये खलनायक स्केअरक्रो दिला. या ओळखीतून पुढे सहा चित्रपट झाले.

तेव्हा आयलीन वॉल्श काय करत होती? २००२ मध्येच पीटर मलनच्या 'द मॅग्डलीन सिस्टर्स'मध्ये तिने क्रिस्पिना केली. चर्चच्या धोबीखान्यात डांबलेली, मूल हिरावून घेतलेली, हळूहळू भान सुटत जाणारी ही मुलगी. चित्रपटाला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला. तिचं ते काम ज्याने पाहिलं आहे त्याने मर्फी आणि वॉल्श यांच्यात 'जास्त गुणी कोण' हा प्रश्न पुन्हा विचारू नये. २००८ मध्ये 'इडन'साठी तिला ट्रायबेका महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे तिला अपयशी ठरवणं हास्यास्पद आहे. पण पडद्यावर पुरुषांसाठी लिहिलेल्या विचित्र, कोपऱ्यातल्या, मध्यवर्ती भूमिका आणि बायकांसाठी लिहिलेल्या तशा भूमिका यांचं प्रमाण काय असतं, हे चित्रपट पाहणाऱ्याला सांगायला नको. निळ्या डोळ्यांचा विक्षिप्त पोरगा विकला जातो. विक्षिप्त पोरगी बहुतेकदा कुणाच्या तरी बहिणीच्या भूमिकेत जाते.

पुन्हा भुणभुण

किअर्ननच्या मागे लागलेला मुलगा मोठा झाल्यावरही तसाच राहिला. नील जॉर्डनच्या 'ब्रेकफस्ट ऑन प्लूटो'साठी त्याने २००१ मध्येच ऑडिशन दिली होती. गावातून लंडनला आईच्या शोधात निघालेली, मुलगा म्हणून जन्मलेली किटन ही भूमिका. जॉर्डनला नट आवडला, पण 'द क्राइंग गेम' करून झाल्यावर पुन्हा तशा विषयाला हात घालायला तो तयार होईना. मर्फी काही वर्षं त्याचा पिच्छा पुरवत राहिला. वय वाढत चाललंय, लवकर करू या, असा तगादा. २००५ मध्ये चित्रपट आला आणि त्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. त्याच वर्षी तो 'रेड आय'मध्ये विमानातला थंड डोक्याचा खलनायकही झाला. त्याचा हा आवाका मला पिगच्या दौऱ्याचाच हिशोब वाटतो.

२००६ मध्ये केन लोचचा 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' आला. १९२० च्या सुमाराचा आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा, मग यादवी, आणि त्यात समोरासमोर उभे राहिलेले दोन भाऊ. चित्रीकरण कॉर्क परगण्यात, मर्फीच्याच मुलखात. लोच गोष्टीच्या क्रमाने चित्रीकरण करतो आणि पुढे काय घडणार ते नटांना आधी कळू देत नाही. समोरच्याचं ऐकून त्या क्षणी उत्तर द्यायची सवय इथे पुन्हा कामी आली. त्या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम डॉर, मिळाला.

इथून पुढचा मर्फी सगळ्यांना माहीत आहे. २०१३ पासून 'पीकी ब्लाइंडर्स' मालिकेतला टॉमी शेल्बी, २०२३ चा 'ओपनहायमर', १० मार्च २०२४ चं ऑस्कर. त्या भूमिकेच्या तयारीत आपण भगवद्गीता वाचली आणि ती सुंदर वाटली, असं तो म्हणाला तेव्हा आपल्याकडे कोण आनंद झाला. आणि चित्रपटात गीतेतली ओळ प्रणयाच्या प्रसंगात येते हे पडद्यावर दिसल्यावर तितकाच गदारोळ. आपला उत्साह आणि आपला राग एकाच आठवड्यात होऊन गेला.

'ओपनहायमर'च्या सेटवर मर्फीच्या हातात आणखी एक विषय होता, क्लेअर कीगनच्या कादंबरीवरचा 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. १९८५ चा नाताळ, आयर्लंडच्या एका लहान गावातला कोळसा विकणारा माणूस, आणि गावातल्या मठात चालणारा तोच मॅग्डलीन धोबीखाना. या वेळी त्याची भुणभुण सहकलाकार मॅट डेमनकडे, पैशांसाठी. डेमनच्या कंपनीने ते घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्लिन महोत्सवाचा पडदा याच चित्रपटाने उघडला.

पटकथा एन्डा वॉल्शची. कोळसेवाल्याच्या बायकोच्या भूमिकेत आयलीन वॉल्श. पदरात पाच मुली असलेली ही बाई नवऱ्याला रात्री बिछान्यात बजावते, की या जगात टिकायचं तर काही गोष्टींकडे काणाडोळा करावाच लागतो. नवरा फारसं बोलत नाही, नुसतं ऐकतो, आणि तिच्या दोन वाक्यांमधल्या जागेत त्याचा चेहरा बदलत जातो. कर्स्टन शेरिडनच्या चित्रपटात मर्फी होता तो पंचविशीचा, जेमतेम काही छोटी कामं केलेला नट. बर्लिनच्या या चित्रपटावर निर्माता म्हणून त्याचं नाव होतं.